एकशे पंचवीस रुपयांचे ताट

नवी दिल्ली स्थानकाच्या पहाडगंज दारातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशाला पहिला भेटतो तो लाल सदऱ्यातला, दंडावर पितळी बिल्ला बांधलेला हमाल. बिल्ला रेल्वेचा, दरपत्रक रेल्वेचे, फलाट रेल्वेचा. पगार मात्र कुणाचाच नाही. याच स्थानकाला लागून स्टेट एन्ट्री रोडवर ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे मुख्य कार्यालय आहे. पहाडगंजातच नूतन मराठी विद्यालय आहे. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत कारकुनी करण्यासाठी दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबांचा आणि या वस्तीचा संबंध म्हणूनच जुना. रेल्वेचा कायम कामगार, केंद्राचा कारकून आणि बिल्लेवाला हमाल ही तिन्ही माणसे या वस्तीत एकाच रस्त्याने चालतात. स्वतंत्र भारतातील मजुरीच्या वादाचा इतिहास जाणून घ्यायचा असेल तर तो या तिघांकडे एकत्र पाहूनच कळतो.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता अमलात आणल्या. त्यांच्या समर्थनार्थ जे काही लिहिले आणि बोलले गेले, त्यात एक युक्तिवाद वारंवार डोके वर काढत होता: देश वेगाने पुढे जात असताना कामगाराने अडथळा आणू नये, आधी उत्पादन, मग वाटप. ज्यांना हा युक्तिवाद नव्या युगाचा वाटतो त्यांनी १९५७ ते १९६० या चार वर्षांची वृत्तपत्रे काढून पाहावीत. शब्द तेच आहेत. तेव्हा त्याला ‘राष्ट्रउभारणी’ म्हणत, आज ‘व्यवसायसुलभता’ म्हणतात, एवढाच काय तो भेद.

जुलै १९५७ मध्ये नवी दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. अध्यक्षस्थानी केंद्रीय श्रममंत्री गुलझारीलाल नंदा होते. एका बाजूला मालकांचे प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला कामगार संघटनांचे, मध्ये सरकार. या त्रिपक्षीय बैठकीने एकमताने ठरवले की किमान वेतन हे गरजेवर आधारलेले असावे, आणि ती गरज कशी मोजायची याचे मापही आखून दिले. कामगाराचे कुटुंब म्हणजे तीन उपभोग घटक. आहार डॉ. वॉलेस आयक्रॉइड यांनी सुचवलेल्या उष्मांकांप्रमाणे. कापड माणशी वर्षाला अठरा वार, म्हणजे चार माणसांच्या कुटुंबाला बहात्तर वार. घरभाडे सरकारच्याच औद्योगिक गृहयोजनेतील किमान जागेच्या हिशेबाने. इंधन, दिवाबत्ती आणि इतर किरकोळ खर्च मिळून एकूण वेतनाच्या वीस टक्के. आयक्रॉइड हे काही क्रांतिकारक नव्हते. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे ते ब्रिटिश अमदानीतील संचालक. माणसाला काम करण्यासाठी किती अन्न लागते हे त्यांनी शास्त्रज्ञाच्या कोरडेपणाने मोजले होते, आणि सर्वसाधारण श्रम करणाऱ्या प्रौढासाठी तो आकडा दिवसाला २,७०० उष्मांक असा येत होता.

या मापात उदारपणा कुठेच नव्हता. चार माणसांचे तीन घटक कसे होतात? कमावता पुरुष एक, बायको ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६. घरातल्या म्हाताऱ्या आईबापांचा घटक शून्य. पाणी भरणारी, दळणकांडण करणारी, शेगडीपुढे उभी राहणारी बाई नवऱ्याच्या चार पंचमांश जेवते, हे गृहीतक करणाऱ्यांनी चाळीतले वा क्वार्टरमधले स्वयंपाकघर कधी पाहिले असेल असे वाटत नाही. शिक्षणाला, औषधपाण्याला, लग्नकार्याला वेगळी तरतूद नव्हती. ती १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात पंचवीस टक्क्यांची भर घालून केली, म्हणजे चौतीस वर्षांनी. तरीही कामगार संघटनांनी १९५७ चे ते माप मान्य केले. कारण पहिल्यांदाच मजुरी ‘परवडते किती’ यावरून न ठरता ‘लागते किती’ यावरून ठरणार होती. त्या वेळच्या भावाने हे ताट महिना सुमारे १२५ रुपयांना पडत होते.

केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याला तेव्हा मिळत होते काय? पहिल्या वेतन आयोगाने १९४७ साली मूळ पगार ३० आणि महागाई भत्ता २५ असे ५५ रुपये ठरवून दिले होते. त्यानंतर महागाई वाढत राहिली आणि भत्ता तिच्या मागे लंगडत राहिला. ऑगस्ट १९५७ मध्ये टपाल व तार कर्मचाऱ्यांनी संपाची तयारी केली तेव्हा सरकारने एका हाताने संपबंदीचा कायदा संसदेतून घाईघाईने मंजूर करून घेतला आणि दुसऱ्या हाताने न्यायमूर्ती जगन्नाथ दास यांचा दुसरा वेतन आयोग नेमला. कर्मचाऱ्यांनी संप मागे घेतला. श्रम परिषदेचा ठराव ताजा होता; आयोग त्याच मापाने मोजणार अशी त्यांची अपेक्षा होती, आणि ती अवास्तव म्हणता येणार नाही.

येथे जे घडले ते प्रजासत्ताकाच्या आरंभीच्या काळातील सर्वांत बोलका प्रसंग मानावा लागेल. श्रम परिषदेची शिफारस सरकारवर बंधनकारक आहे काय, हा प्रश्न आयोगापुढे आला. अर्थ मंत्रालयाने कळवले की अशा शिफारशी प्रत्यक्षात आणण्याचे बंधन सरकारने कधीही स्वीकारलेले नाही. श्रममंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली, श्रममंत्र्यांच्या संमतीने झालेला ठराव त्याच मंत्रिमंडळातील दुसऱ्या खात्याने असा उचलून बाजूला ठेवला. मग ठराव कुणासाठी होता? टाटा-बिर्लांसाठी? गिरणीमालकांना गरजेचे माप दाखवायचे आणि स्वतः देशातला सर्वांत मोठा मालक असताना ते माप खिशात घालायचे, ही नीती खाजगी मालकाच्या लगेच ध्यानात आली. सरकारच देत नाही तर आम्ही का द्यावे, हा त्याचा प्रश्न तर्काला धरूनच होता. आयोगाने ऑगस्ट १९५९ मध्ये अहवाल दिला. १२५ रुपये राष्ट्राच्या कुवतीबाहेरचे आहेत असे म्हणून त्याने किमान वेतन ८० रुपये सुचवले.

यानंतर देशभर जो वाद झाला, त्यातील विरोधी पक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा टाळून चालणार नाही. तो असा. भारत शेतकऱ्यांचा आणि भूमिहीनांचा देश आहे. दरमहा खात्रीचा पगार, रजा आणि निवृत्तिवेतन असलेला सरकारी नोकर हा त्यांच्या तुलनेत सुखवस्तू आहे. त्याचे वेतन वाढवणे म्हणजे खेड्यातल्या अर्धपोटी माणसाच्या ताटातून काढून शहरातल्या पोटभरल्या माणसाला वाढणे. हा मुद्दा केवळ मालकांचा नव्हता. अनेक प्रामाणिक माणसांना तो पटत होता, आणि आजही पटतो. खेड्यातील दारिद्र्य किती भीषण होते हे १९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहियांनी ‘तीन आणे विरुद्ध पंधरा आणे’ या वादात सरकारच्या तोंडावर मांडले. देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे त्यांचे म्हणणे. पंतप्रधान नेहरूंचा आकडा पंधरा आण्यांचा होता. आकड्यांचा वाद बाजूला ठेवला तरी भुकेचा वाद उरतोच.

परंतु या युक्तिवादाला एक साधी कसोटी लावावी. कारकुनाच्या आणि खलाशाच्या पगारातून जे रोखले गेले ते भूमिहीनाच्या घरी पोचले काय? दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या पाच वर्षांत घाऊक किमती सुमारे तीस टक्क्यांनी चढल्या. ही महागाई पगारदाराला जशी बसली तशीच धान्य विकत घेऊन खाणाऱ्या शेतमजुरालाही बसली. मग वाढलेले उत्पन्न गेले कुठे, हा प्रश्न खुद्द सरकारलाही पडला होता. म्हणून तर ऑक्टोबर १९६० मध्ये, संप चिरडून तीन महिने होतात न होतात तोच, प्रा. महालनोबिस यांची समिती नेमावी लागली. योजनाकाळात आर्थिक सत्तेचे केंद्रीकरण झाले, मोठी घराणी आणखी मोठी झाली, हे त्या समितीच्या १९६४ च्या अहवालातून पुढे आले आणि पाठोपाठच्या मक्तेदारी चौकशी आयोगाने त्यावर तपशिलाने शिक्कामोर्तब केले. त्याग मागितला गेला तो शेतमजुराच्या नावाने, आणि जमा झाला भलत्याच खात्यात. त्या वर्षांत ‘राष्ट्र’ या शब्दाचा जो सढळ वापर झाला, त्यामागचा जमाखर्च हा असा होता.

रेल्वे, संरक्षण उत्पादन, टपाल-तार आणि केंद्रीय कचेऱ्या यांच्या संघटनांनी मिळून संयुक्त कृती समिती उभारली. तिच्या नेतृत्वात मराठी वाचकाला परिचित अशी नावे होती. संरक्षण कर्मचारी महासंघाचे अध्यक्ष एस. एम. जोशी होते. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, १ मे १९६० रोजी, ज्या महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली त्याच्या लढ्याचे ते एक प्रमुख सेनानी. रेल्वेमेन्स फेडरेशनच्या अग्रभागी गोव्याचे पीटर अल्वारिस होते. हे दोघेही समाजवादी; कम्युनिस्टांशी त्यांचे मतभेद उघड आणि तीव्र होते. पण महागाई भत्ता कोणत्या विचारसरणीच्या घरात कमी पडतो, हे विचारण्याची वेळ ती नव्हती.

८ जुलै १९६० रोजी अत्यावश्यक सेवा वटहुकूम निघाला. संप बेकायदा ठरला. संप करणारा, त्याला चिथावणी देणारा, त्याला पैसा पुरवणारा, सारेच तुरुंगास पात्र झाले. ११ जुलैच्या मध्यरात्री संप सुरू झाला तेव्हा नेत्यांपैकी कित्येक आधीच गजाआड होते. गुजरातेत दोहादच्या रेल्वे कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच कामगार ठार झाले. पाच दिवसांनी, १६ जुलैला, संप मागे घेण्यात आला. मागण्यांपैकी एकही पदरात पडली नव्हती. मागे उरल्या त्या बडतर्फ्या, निलंबने, सेवाखंड, आणि संघटनांची काढून घेतलेली मान्यता. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने बडतर्फी म्हणजे नोकरीबरोबर डोक्यावरचे छप्परही जाणे. हे दडपण किती मोठे असते याची कल्पना भाड्याच्या घरातून अग्रलेख लिहिणाऱ्यांनाही येऊ नये, ही आश्चर्याची गोष्ट आहे.

कामगार चळवळीच्या स्वतःच्या चुकांचा हिशेबही येथेच मांडला पाहिजे. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत डाव्यांनी स्वातंत्र्यच खोटे ठरवण्याची जी धोरणदिशा धरली, तिची कडू फळे ९ मार्च १९४९ च्या रेल्वे संपात दिसली. जयप्रकाश नारायण यांच्या अध्यक्षतेखालील फेडरेशनने संपाची नोटीस मागे घेतली होती. कम्युनिस्टांनी संप पुढे रेटला, सरकारने हजारो कार्यकर्ते आधीच पकडले, आणि गाड्या चालूच राहिल्या. सामान्य कामगार स्वातंत्र्याला आपले मानत होता आणि त्याच वेळी पगारावर असंतुष्ट होता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात नांदू शकतात, हे तेव्हाच्या नेतृत्वाला उमगले नाही. १९६० चा लढा त्याहून परिपक्व होता, कारण त्याने नव्या राज्याला त्याच्याच शब्दाला जागायला सांगितले. मागणी परक्या पुस्तकातून आलेली नव्हती. श्रममंत्र्यांच्या सहीशिक्क्याची होती. तरी तो हरला, कारण संघटित कर्मचाऱ्यांच्या भिंतीबाहेर त्याने हात पुढे केला नव्हता. ‘आमचे १२५’ आणि ‘सर्वांचे १२५’ यांतले अंतर त्याने तोडले असते, तर शेतकऱ्याच्या नावाने केलेला प्रचार इतका सहज चालला नसता.

नव्या राष्ट्रात हे फक्त भारतातच घडले असे नाही. घाना १९५७ साली स्वतंत्र झाला. क्वामे एन्क्रुमा हे आफ्रिकेच्या मुक्तीचे प्रतीक, साम्राज्यशाहीचे कट्टर शत्रू. त्यांच्या सरकारने १९६१ च्या अंदाजपत्रकात पगारातून सक्तीची बचत कापायचे ठरवले. सप्टेंबरमध्ये सेकोंडी-ताकोराडी येथील रेल्वे आणि बंदर कामगार संपावर गेले, आणि त्यांच्या पुढाऱ्यांना बिनचौकशी स्थानबद्धतेत टाकण्यात आले. ज्या रेल्वे कामगारांच्या बळावर स्वातंत्र्याची चळवळ उभी राहिली होती, तेच आता राष्ट्रद्रोही ठरले. जगभरातल्या पुरोगामी पत्रांनी त्या वेळी या घटनेकडे काणाडोळा केला. मित्राच्या राज्यातला कामगारही कामगारच असतो, याचा विसर अशा वेळी सोयीचा पडतो.

दिल्लीत मात्र पराभूत संपाने काही पेरून ठेवले होते. संपानंतर संपबंदी कायमची करण्याची भाषा झाली, पण अखेर सरकारला वाटाघाटीचे यंत्र उभे करावे लागले; ब्रिटनमधील व्हिटली मंडळांच्या धर्तीवर ऑक्टोबर १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू झाली. मुंबईच्या महालेखापाल कार्यालयातील कर्मचारी नेते ई. एक्स. जोसेफ यांनी संपकाळातील कारवाईविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरांना निदर्शनास मनाई करणारा आणि मान्यता नसलेल्या संघटनेचे सभासदत्व गुन्हा ठरवणारा नियम घटनाबाह्य ठरवला. संपाचा हक्क मात्र न्यायालयाने मूलभूत मानला नाही, आणि २००३ मध्ये तामिळनाडूच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात तर त्याहून कठोर भाषा वापरली. १९६८ च्या १९ सप्टेंबरला गरजेवर आधारित वेतनासाठी पुन्हा एक दिवसाचा संप झाला, पुन्हा वटहुकूम निघाला, पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. मे १९७४ च्या वीस दिवसांच्या रेल्वे संपाची कहाणी तर सर्वश्रुतच आहे.

आणि त्या ‘अवास्तव’ मापाचे काय झाले? नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यायमूर्ती अशोककुमार माथुर यांच्या सातव्या वेतन आयोगाने अहवाल दिला. किमान वेतन ठरवताना त्याने पंधराव्या श्रम परिषदेचेच माप घेतले. तक्त्यात तीन घटकांच्या कुटुंबाला महिन्याला तांदूळ-गहू ४२.७५ किलो, डाळी ७.२० किलो अशा नोंदी आहेत. कापड महिना साडेपाच मीटर, म्हणजे वर्षाचे ते जुने बहात्तर वारच. त्यातून १८,००० रुपयांचा आकडा निघाला आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. १९६० साली ज्यासाठी माणसे तुरुंगात गेली, ते सरकारी कोष्टक झाले. तेव्हा राष्ट्र बुडेल असे सांगणाऱ्यांपैकी कुणी चूक कबूल केल्याचे कोठे वाचनात येत नाही.

कोष्टक मान्य झाले, पण त्याच्या कुंपणाआत जे होते त्यांच्यापुरतेच. असंघटित कामगारासाठी राष्ट्रीय किमान मजुरीची पातळी २०१७ मध्ये दिवसाला १७६ रुपये ठरवण्यात आली. सरकारनेच नेमलेल्या अनूप सत्पथी समितीने जानेवारी २०१९ मध्ये ३७५ रुपयांची शिफारस केली. तीही उष्मांक २,७०० वरून २,४०० वर उतरवून, मात्र कुटुंबाचे घटक ३.६ धरून, म्हणजे म्हाताऱ्यांना निदान एक कोपरा देऊन. ती शिफारस दप्तरात राहिली. अर्थ मंत्रालयाने १९५७ च्या ठरावाचे जे केले, त्याची ही दुसरी आवृत्ती.

नव्या संहितांतील औद्योगिक संबंध संहिता या इतिहासाला आणखी एक वळण देते. पूर्वी संपाच्या नोटिशीचे बंधन सार्वजनिक उपयोगी सेवांपुरते होते. आता ते प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला लागू आहे. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप. ८ जुलै १९६० चा वटहुकूम अपवाद म्हणून, संकटाचे निमित्त सांगून काढण्यात आला होता. आता संप अडवण्यासाठी संकटाचे निमित्तही लागत नाही.

स्टेट एन्ट्री रोडवरील कार्यालयात आता आठव्या वेतन आयोगासाठी निवेदने तयार होतील, आणि उष्मांक, घटक, वार यांची बेरीज पुन्हा मांडली जाईल. ती मांडलीच पाहिजे. पण त्या कार्यालयातून फलाटाकडे जाणाऱ्या वाटेवर जो बिल्लेवाला बसलेला असतो, त्याचे नाव कोणत्याही निवेदनात येत नाही. २००८ च्या रेल्वे अंदाजपत्रकात लालूप्रसाद यादव यांनी परवानाधारक हमालांना गँगमन म्हणून सामावून घेण्याची घोषणा केली. काहींना नोकरी मिळाली, बाकीचे जिथे होते तिथेच राहिले. २०१६ च्या अंदाजपत्रकात कोकणचे सुरेश प्रभू यांनी त्यांना ‘सहायक’ असे नवे नाव दिले. नावाबरोबर पगार आला नाही. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री याच स्थानकावर चेंगराचेंगरी होऊन अठरा माणसे मेली, तेव्हा गाड्यांवरून आणि हातांवरून जखमींना आणि प्रेतांना बाहेर काढणाऱ्यांत हे हमाल होते. वृत्तपत्रांनी दोन दिवस त्यांचे कौतुक केले. माथुर आयोगाच्या तक्त्यातील ४२.७५ किलो धान्य त्यांच्याही घरी लागते, पण तो तक्ता नेऊन दाखवायला त्यांना मालक नाही.